जुना कॉम्प्युटर देण्याआधी त्यातला डेटा खरोखर कसा पुसायचा

जुना कॉम्प्युटर कुणाला तरी द्यायचं ठरलं की पहिलं वाक्य येतं ते "फॉरमॅट मारून देऊ". फॉरमॅट मारला जातो, ड्राइव्ह रिकामी दिसते आणि मशीन दुसऱ्याच्या हाती जातं. त्या रिकाम्या दिसणाऱ्या ड्राइव्हमधून काय काय परत काढता येतं, हे मात्र क्वचितच कुणी बघायला जातं.

एमआयटीमध्ये शिकणाऱ्या सिम्सन गारफिंकल आणि अभि शेलाट या दोघांनी ते बघितलं. त्यांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातल्या १२९ डिस्क चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांवर पत्रं, वैद्यकीय माहिती आणि ५,००० हून जास्त क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. एक डिस्क तर एटीएम मशीनमधली होती. त्यातल्या कितीतरी डिस्क फॉरमॅट केलेल्या होत्या. म्हणजे आधीच्या मालकांनी काहीच केलं नव्हतं असं नाही. त्यांनी जे केलं ते पुरेसं नव्हतं.

कारण साधं आहे. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला तरी ऑपरेटिंग सिस्टिम फक्त आपल्या यादीतली त्या फाइलची नोंद काढते आणि ती जागा मोकळी धरते. दारावरची पाटी काढली, पण बिऱ्हाड आतच आहे. क्विक फॉरमॅटमध्ये तर नवी कोरी यादी बनते, एवढंच. फोटोरेक किंवा रिकुव्हा ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर कुणीही चालवू शकतं. फोटोरेक तर यादीकडे बघतच नाही. जेपेग फोटो किंवा पीडीएफ ज्या ठरावीक बाइट्सनी सुरू होतात, ते बाइट्स शोधत ते सगळी डिस्क चाळून काढतं.

डेटा किती वेळा पुसला याला लोक फार महत्त्व देतात. माझ्या मते त्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आत फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) यानं, आणि तिच्यावर आधीपासून एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं डेटाचं सांकेतिक रूप) होतं की नाही यानं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरूनच ठरतात.

आधी हवं ते बाहेर काढा

पुसण्यापेक्षा जास्त वेळ या पायरीला द्या. नीट पुसलेला डेटा परत येत नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही.

डॉक्युमेंट्स, फोटो आणि डेस्कटॉप सगळेच कॉपी करतात. सुटतं ते वेगळंच. आउटलुक वापरत असाल तर जुन्या मेलची पीएसटी फाइल. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची डेटा फाइल, जी बहुधा सी ड्राइव्हच्या कुठल्यातरी कोपऱ्यात असते. डिजिटल स्वाक्षरीचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरवरच साठवलेलं असेल तर ते. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी लिखाण असेल तर ते फॉन्टही सोबत घ्या, नाहीतर नव्या मशीनवर त्या फाइलींत निव्वळ चिन्हांचा कचरा दिसेल.

ब्राउझरमधून पासवर्ड एक्स्पोर्ट केले तर ते साध्या, कुणालाही वाचता येईल अशा सीएसव्ही फाइलमध्ये उतरतात. ती फाइल नव्या मशीनवर इम्पोर्ट झाली की लगेच नष्ट करा. बॅकअपच्या डिस्कवर ती पडून राहिली तर जुनं मशीन पुसून काय साधलं?

वनड्राइव्हसारख्या क्लाउड फोल्डरपाशी जरा थांबा, कारण भलेभले इथंच फसतात. विंडोजमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर बऱ्याचदा मालकाच्या लक्षातही न येता वनड्राइव्हला जोडलेले असतात. आता मशीन द्यायचंच आहे म्हणून तुम्ही तिथल्या फाइली निवडून डिलीट केल्या, तर सिंक आपलं काम चोख करतं. त्याच फाइली क्लाउडवरून आणि तुमच्या नव्या लॅपटॉपवरूनही जातात. क्लाउडच्या रिसायकल बिनमधून त्या काही दिवस परत आणता येतात, पण त्या वाटेला जायचंच कशाला? म्हणून आधी वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'अनलिंक धिस पीसी' करा. ड्रॉपबॉक्स आणि गूगल ड्राइव्हलाही हाच नियम. उलट बाजूही बघा. ज्या फाइलींपुढे नुसतं ढगाचं चिन्ह दिसतं त्या तुमच्या डिस्कवर नसतातच, त्या क्लाउडवर आहेत. त्यांची प्रत हवी असेल तर अनलिंक करण्याआधी उतरवून घ्या.

कॉपी झाल्यावर ती एक्स्टर्नल डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि वेगवेगळ्या फोल्डरमधल्या पाच-सात फाइली खरंच उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे कॉपी नीट झाली असं नाही.

खाती आणि परवाने

जी सॉफ्टवेअर ठरावीक मशीनपुरतीच चालतात, त्यांचं ॲक्टिव्हेशन याच मशीनवर असताना काढा. मशीन हातातून गेल्यावर त्यासाठी कंपनीच्या ग्राहक सेवेशी बोलत बसावं लागतं. बँकेचा किंवा मेलचा दुसरा पडताळणी कोड याच कॉम्प्युटरवरच्या ॲपमधून येत असेल, किंवा पासवर्डऐवजी वापरायची पासकी विंडोज हॅलोमध्ये (चेहरा, बोट किंवा पिननं उघडण्याच्या विंडोजच्या सोयीत) साठवलेली असेल, तर आधी नव्या मशीनवर किंवा फोनवर ती सोय लावा आणि तिथून एकदा लॉगिन करून बघा. ब्राउझर, मेल आणि चॅटच्या खात्यांतून साइन आउट करा. व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर वापरत असाल तर फोनमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसच्या यादीतून हे मशीन काढा. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवरच्या डिव्हाइसच्या यादीतूनही ते काढायचं, पण सगळं पुसून झाल्यावर.

मशीन नोकरीच्या ठिकाणचं असेल तर यातलं काहीच स्वतःहून करू नका. ते ज्यांचं आहे त्यांच्या आयटी विभागाकडे द्या.

आत कोणती डिस्क आहे

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डाव्या बाजूला प्रत्येक डिस्कखाली एसएसडी किंवा एचडीडी (म्हणजे फिरती हार्ड डिस्क) असं लिहिलेलं दिसतं. ते दिसलं नाही तर स्टार्टमध्ये 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' शोधा, तिथं मीडिया टाइपचा रकाना आहे. दोन डिस्क निघाल्या तर नवल नको. सिस्टिमसाठी छोटी एसएसडी आणि फाइलींसाठी मोठी हार्ड डिस्क अशी जोडी डेस्कटॉपमध्ये नेहमी असते, आणि लोक सी ड्राइव्ह पुसतात, डी तशीच राहते.

बहुतेकांसाठी पुरेसा रस्ता: एन्क्रिप्ट करा, मग रीसेट

विंडोज १० किंवा ११ चालू स्थितीत असेल, तर मी घरच्या मशीनसाठी हाच मार्ग सुचवतो. विंडोज १० चा सपोर्ट (नेहमीचे सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसल्यामुळे विंडोज ११ न चालणारी कितीतरी धडधाकट मशीन आता घराबाहेर पडताहेत. त्यांना तर हा मार्ग सर्रास लागू पडतो.

पहिलं काम एन्क्रिप्शनचं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतं. होम आवृत्तीत काही मशीनवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' मिळतं. दोन्ही नसेल तर व्हेराक्रिप्ट फुकट आहे. बिटलॉकर चालू करताना तो विचारतो, फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करायची की सगळी ड्राइव्ह. तिथं घाई करू नका. पहिला पर्याय लवकर संपतो, पण डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष 'मोकळ्या' जागेतच असतात आणि तो पर्याय नेमकी तीच जागा सोडतो. सगळी ड्राइव्ह निवडा आणि काम शंभर टक्के पूर्ण होऊ द्या. रात्रभर लागलं तरी चालेल. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. मधल्या काळात ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. रीसेट पार पडल्यावर तिचं काम उरत नाही.

मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात रिकव्हरी, आणि तिथं 'रीसेट धिस पीसी'. विंडोज १० मध्ये रिकव्हरी 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली आहे. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडल्यावर पुढच्या पडद्यावर बारीक अक्षरात 'चेंज सेटिंग्ज' असतं. बहुतेक जण त्याकडे न बघता पुढे जातात. ते उघडा आणि 'क्लीन डेटा' चालू करा. तो बंद असला तर रीसेट फाइली नुसत्या काढून टाकतो. चालू असला तर जागेवर नव्यानं लिहितो, म्हणून त्याला काही तास लागतात. एकापेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर सगळ्या ड्राइव्ह पुसण्याचा पर्यायही तिथंच आहे.

क्लीन डेटा घरगुती वापरासाठी आहे, सरकारी किंवा औद्योगिक मानकांना तो उतरत नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. पण आधी एन्क्रिप्शन झालेलं असेल तर चुकून उरलेले तुकडेही किल्लीशिवाय अर्थहीन असतात आणि किल्ली रीसेटमध्ये नष्ट झालेली असते. दोन्ही एकत्र करायचं ते म्हणूनच.

फिरती हार्ड डिस्क: एकदा, पण सगळीकडे

हार्ड डिस्क पुसणं तसं सरळ आहे. प्रत्येक सेक्टरवर (डिस्कच्या लहानात लहान कप्प्यावर) शून्य लिहायचं. एकदाच.

पस्तीस वेळा पुसावं असं कुठंतरी वाचलेलं असतं. ते आलं पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून. त्यांचे पस्तीस नमुने त्या काळच्या निरनिराळ्या रेकॉर्डिंग पद्धतींसाठी होते. कोणत्याच एका डिस्कला ते सगळे लागत नव्हते. आजच्या डिस्कवर ते सगळे चालवण्यात अर्थ नाही, असं नंतर त्यांनी स्वतःच लिहिलं. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिकाही साध्या पुसण्यासाठी एका फेरीवर समाधान मानते. १ टीबीची डिस्क सेकंदाला साधारण १२० एमबी वेगानं लिहिली तर एका फेरीला सव्वादोन तास लागतात. पस्तीस फेऱ्यांचा हिशेब तीन दिवसांच्या वर जातो, आणि पदरात जास्तीचं काहीच पडत नाही.

डिस्क दुसऱ्या विंडोज मशीनला जोडलेली असेल तर 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून हा पूर्ण फॉरमॅट त्या सगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या सी, डी अशा एका भागावर) शून्य लिहितो. सगळी डिस्क एकदम पुसायची तर विंडोजच्या डिस्कपार्ट या आज्ञा टाइप करून चालवायच्या साधनातली 'क्लीन ऑल' आज्ञा वापरा. नुसतं 'क्लीन' दिलं तर फक्त पार्टिशनची माहिती जाते, डेटा जागेवर राहतो. त्या एका 'ऑल'वर सगळं अवलंबून आहे.

मशीनमधली एकमेव डिस्क पुसायची असेल तर विंडोज स्वतःच्याच पायाखालची जमीन पुसू शकत नाही, म्हणून पेनड्राइव्हवरून बूट करावं (मशीन सुरू करावं) लागतं. पूर्वी सगळे डीबॅन वापरायचे, पण २०१५ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही. आता श्रेडओएस घ्यावं. ते पेनड्राइव्हवर टाकून बूट केलं की एनवाइप नावाचा साधा पडदा येतो आणि त्यात डिस्कची यादी दिसते.

या पडद्यावर पोचण्याआधी बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क काढून बाजूला ठेवलेली असली पाहिजे. यादीत डिस्कला तुमच्या ओळखीचं नाव नसतं, सी किंवा डी नसतं. असते ती कंपनीची मॉडेल संख्या, आकार आणि सिरियल क्रमांक. १ टीबीच्या दोन डिस्क एकाखाली एक दिसल्या की बोट चुकायला वेळ लागत नाही. स्पेसबारनं डिस्क निवडा, एम दाबून पद्धत बदला आणि शून्य भरण्याची साधी पद्धत घ्या. व्ही दाबून शेवटची पडताळणी चालू ठेवा. सुरू करायला शिफ्टसह एस लागतो. शेवटी अहवालात त्रुटींचा आकडा येतो. तो शून्य नसेल तर डिस्कचे काही भाग खराब आहेत आणि तिथं लिहिलं गेलेलं नाही. अशी डिस्क देऊ नये, फोडावी.

एसएसडी: इथं नियम वेगळे

एसएसडीत तुम्ही ज्या जागेवर लिहायला सांगता तिथंच लिहिलं जाईल असं नाही. फ्लॅश चिपचा प्रत्येक भाग ठरावीक वेळाच लिहिता येतो, म्हणून आतला कंट्रोलर लिखाण सगळीकडे वाटून टाकतो. एका फाइलवर दहा वेळा शून्य लिहिले तरी ते दहा वेगळ्या जागी जाऊ शकतात आणि मूळ प्रत कुठंतरी पडून राहते. शिवाय ड्राइव्हमध्ये थोडी राखीव जागा असते, जी ऑपरेटिंग सिस्टिमला दिसतच नाही. म्हणून एकेक फाइल 'श्रेड' करणारी सॉफ्टवेअर एसएसडीवर नुसतं समाधान देतात. डिलीटनंतर विंडोज ड्राइव्हला ट्रिम हा इशारा देतं आणि बऱ्याचदा त्यामुळे डेटा वाचता येईनासा होतो. पण प्रत्यक्षात तो कधी पुसायचा हे कंट्रोलर ठरवतो, आणि यूएसबीनं जोडलेल्या ड्राइव्हपर्यंत हा इशारा अनेकदा पोचतच नाही.

म्हणून काम ड्राइव्हलाच सांगायचं. साटा आणि एनव्हीएमई या ड्राइव्ह मशीनला जोडण्याच्या दोन पद्धती. साटा एसएसडीत 'सिक्युअर इरेज' नावाची आज्ञा असते आणि एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये 'फॉरमॅट' व 'सॅनिटाइझ'. ती आज्ञा देण्याचा सगळ्यात सोपा रस्ता मदरबोर्डच्या बायोसमधून (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून). अनेक बायोसमध्ये सिक्युअर इरेज किंवा डिस्क सॅनिटायझर असा पर्याय असतो. तो नसेल तर ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर बघा. सॅमसंगचं मॅजिशियन आणि क्रुशलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह ही त्यातली माहितीची नावं. लिनक्स येत असेल तर साटासाठी एचडीपार्म आणि एनव्हीएमईसाठी एनव्हीएमई-सीएलआय आहेच.

साटा ड्राइव्हवर बहुतेकांची गाडी 'फ्रोझन' या शब्दापाशी अडते. चालू होताना बायोस ड्राइव्हला कुलूप घालतं, कुठल्या व्हायरसनं ती परस्पर पुसू नये म्हणून. त्यावर उपाय गमतीशीर आहे, पण चालतो. मशीन स्लीपमध्ये टाकायचं आणि पुन्हा जागं करायचं. बऱ्याच मशीनवर तेवढ्यानं कुलूप सुटतं. ही आज्ञा यूएसबी अडॅप्टरमधून मात्र देऊ नका. काही अडॅप्टर ती पुढे पोचवत नाहीत, काही अर्ध्यात सोडतात.

ड्राइव्हनं 'झालं' म्हटलं की डोळे झाकून विश्वास ठेवायचा का? २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी एसएसडी उघडून चिप थेट वाचल्या. एका ड्राइव्हनं पुसल्याचं कळवलं होतं आणि डेटा जसाच्या तसा होता. तेव्हापासून ड्राइव्ह सुधारल्या आहेत, पण आधी संपूर्ण एन्क्रिप्शन आणि मग सिक्युअर इरेज ही जोडी मी सोडणार नाही. खरं तर नव्या मशीनवर पहिल्या दिवशीच एन्क्रिप्शन चालू केलं तर देण्याच्या वेळची निम्मी कटकट संपते, कारण उघडा डेटा त्या ड्राइव्हवर कधी उतरतच नाही.

मॅक

ॲपल सिलिकॉनचे (ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचे) मॅक आणि टी२ ही सुरक्षा चिप असलेले इंटेल मॅक यांचं काम दहा मिनिटांचं आहे. मॅकओएस मॉन्टेरे किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, 'ट्रान्सफर ऑर रीसेट', आणि तिथं 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. मॉन्टेरेत मात्र हा पर्याय सिस्टिम प्रेफरन्सेस उघडल्यावर वरच्या मेन्यूत असतो. या मशीनमधला साठा आधीपासूनच एन्क्रिप्टेड असतो आणि इथं फक्त किल्ली नष्ट होते. आयक्लाउड आणि 'फाइंड माय'मधून साइन आउट करण्याचं कामही तेच करून घेतं. ते झालं नाही तर ॲक्टिव्हेशन लॉक राहतो आणि घेणाऱ्याच्या हाती नुसता डबा पडतो.

त्याआधीच्या इंटेल मॅकवर फाइलव्हॉल्ट (मॅकचं एन्क्रिप्शन) चालू करून पूर्ण होऊ द्या आणि आयक्लाउडमधून साइन आउट करा. मग कमांड आणि आर दाबून मशीन सुरू करा, डिस्क युटिलिटीत 'शो ऑल डिव्हाइसेस' निवडा आणि सगळ्यात वरची डिस्क इरेज करा.

पुसलं गेलं का, हे बघा

ही पायरी सगळे टाळतात. पुसलेल्या डिस्कवर फोटोरेक किंवा रिकुव्हाचा डीप स्कॅन चालवा. विंडोज नव्यानं बसलेलं असेल तर त्याची स्वतःची चिन्हं आणि पार्श्वचित्रं सापडतील, त्यानं घाबरू नका. तुमचा एकही फोटो किंवा पीडीएफ सापडता कामा नये. शून्य भरलेली कोरी डिस्क हेक्स व्ह्यूअरमध्ये (डिस्कवरचे बाइट्स जसेच्या तसे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडली तर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, कुठंही गेलात तरी ००, ०० च्या ओळी दिसतात. मध्येच एखाद्या जागी अक्षरं दिसली तर फेरी पुन्हा चालवायची.

मशीन चालूच होत नसेल तर

कॉम्प्युटर मेला म्हणजे डिस्क मेली असं नाही. मदरबोर्ड गेलेल्या लॅपटॉपमधली डिस्क दुसरीकडे सुरळीत चालते. मागचं झाकण उघडून डिस्क काढा. ती फिरती असेल तर यूएसबी अडॅप्टरनं जोडून पुसा, नाहीतर स्वतःकडे ठेवा आणि मशीन डिस्कशिवाय द्या. घेणाऱ्यालाही हा व्यवहार मान्य असतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठा बोर्डवरच झाळलेला असतो. तसा असेल आणि एन्क्रिप्शन नसेल तर ते मशीन कुणाला न देता डेटा नष्ट करून देणाऱ्या ई-कचरा केंद्रातच जाऊ द्या.

डिस्क फोडायची वेळ आली तर आधी ती मशीनमधून बाहेर काढा. लॅपटॉपवर सरळ ड्रिल चालवू नका. बॅटरीला भोक पडलं तर आग लागते. हार्ड डिस्कच्या तबकड्यांना तीन-चार ठिकाणी आरपार भोकं पाडा. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि त्या तुकडे होऊन उडतात, म्हणून डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा हवाच. एसएसडीत तबकडी नसते. तिथं प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, एक जरी शाबूत राहिली तरी तीत डेटा असू शकतो. चुंबकानं एसएसडीला काहीही होत नाही.

हातात देताना

विंडोज किंवा मॅकओएस नव्यानं सुरू होऊन भाषा आणि देश विचारू लागलं की तिथंच पॉवर बटण दाबून मशीन बंद करा. पुढचं खातं घेणारा उघडेल. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असेल तर इंटरनेट लागताच तो आपोआप लागू होतो. बायोसला पासवर्ड घातला असेल तर काढा, तिथल्याच पर्यायातून टीपीएम क्लिअर करा आणि बोटांचे ठसे पुसण्याचा पर्याय दिसला तर तोही वापरा.

शेवटी मशीन उलटंसुलटं करून बघा. डीव्हीडीच्या कप्प्यात एखादी तबकडी, एसडी कार्डाच्या खाचेत कॅमेऱ्याचं कार्ड, यूएसबीत माउसच्या रिसीव्हरशेजारी विसरलेला इवलासा पेनड्राइव्ह, लॅपटॉपमध्ये सिमची खाच असेल तर सिम. झाकणामागे चिकटवलेल्या कागदावर पासवर्ड लिहिलेला असेल तर तोही.